दगडूकाका आणि आमच्या गल्लीतल्या भिंती

काकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण सगळं एकट्या माझं होतं.

लिंबायतला आमच्या गल्लीत एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ माझ्या घराच्या भिंतीला बाहेरून लाल रंग फासत होते. त्याच्या थोडं आधी मागच्या गल्लीत रस्ता मोठा करायला माणसं आली होती. त्यांनी घरांवर लाल रेघा मारल्या आणि मग तिथले ओटे गेले, कुणाची पुढची खोलीही गेली. मला वाटलं, आता आमचा नंबर. मी दार उघडून काही विचारलं नाही. कळशी उचलली आणि खिडकीतून पाणी फेकलं. अर्धं भिंतीवर गेलं, अर्धं त्यांच्यावर.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हाऊ गेरू शे पोरी, दुसरं काही नही. तुना घरवालाले इचारेल शे मी."

आमच्या घरवाल्यांना त्यांनी रविवारी विचारलं होतं आणि आमचे हे मला सांगायचं विसरले होते. मी मान खाली घालून चहा केला. काका म्हणाले, "बरं केलंस. गेरू जरा जाडच झाला होता." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी ती गोष्ट मला ऐकवलेली नाही. गल्लीत मात्र सगळ्यांना सांगितली.

आता काका पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गल्लीतली मंडळी त्यांच्यासाठी पुस्तक काढतायत, त्यात मीही लिहावं असं ठरलं. मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते.

काका अमळनेरकडचे. प्रिंटच्या मिलमध्ये ते ट्रेसर होते. म्हणजे साडीवर जी डिझाइन छापायची ती आधी हाताने उतरवून द्यायची. फुलं, मोर, कैऱ्या, सगळं त्यांच्या हातून गेलं. एकदा किनारीसाठी बारीक बारीक माणसांची डिझाइन आली. दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. काकांनी शेठला विचारलं, ही माणसं कोण? शेठ म्हणाले, "आदिवासी डिझाइन आहे, चालते बाजारात." काकांचं समाधान झालं नाही. मिलमध्ये झाडू मारायला उंबरगावकडच्या एक बाई होत्या. त्यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, ही आमची वारल्यांची माणसं, पण आम्ही अशी नाही काढत. मग कशी काढता, म्हणून काका सुट्टी टाकून त्यांच्या गावाला गेले. एकदा नाही, पुष्कळदा.

तिथे एका आजीजवळ बसून काका शिकले. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा ब्रश करायचा, गेरूच्या भिंतीवर पांढरं काढायचं. काकांना वाटलं, आपला हात तर तयार आहे. त्यांनी अर्ध्या दिवसात अख्खी भिंत भरली. आजी आल्या, जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "ही एकच बाई सगळीकडे कशाला उभी आहे?" काका सांगतात की त्यांना आधी कळेना. मग कळलं. मिलमध्ये डिझाइन रिपीट होते. बारा माणसं काढली की तीच बारा पूर्ण साडीभर. काकांनी भिंतही तशीच काढली होती. आजींच्या भिंतीवर एकसारखी दोन माणसं नव्हती. ही पाणी आणणारी, ही मुलाला मारणारी, हा झाडावर चढलेला. आजींनी काकांना ती भिंत परत सारवायला लावली.

काका ही गोष्ट स्वतःवर हसत सांगतात. पण त्यांचा नियम तिथून झाला. आमच्या गल्लीत ते ज्या घराची भिंत रंगवतात त्या घरातल्या माणसांबद्दल आधी विचारून घेतात. कोण काय करतं, कोण कसं बसतं. आणि वारली लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक ते कधीच काढत नाहीत. कुणी म्हटलं, काका, तो काढा ना, छान दिसतो. तर म्हणतात, "तो त्यांच्या सुवासिनींचा. मी कोण?"

गल्लीचं सांगायचं तर, मी लग्न होऊन आले तेव्हा ती शेवटाला बंद होती. टोकाला लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना, होता. दिवसरात्र खटखट चालायची, पण पोरं गल्लीभर खेळायची, कारण गाडी यायला जागाच नव्हती. मग खातं बंद झालं आणि पाडलं, आणि गल्ली थेट मोठ्या रस्त्याला लागली. लोक खूश झाले. आता रिक्षा दारात येते, सिलिंडर दारात येतो. पण कपड्याचे तागे भरलेले टेम्पोही दारातूनच जातात.

माझी काव्या तेव्हा चार वर्षांची होती. एक टेम्पो मागे येत होता आणि ती ओट्यावरून उतरून त्याच्या मागे गेली. समोरच्या सखूबाईंनी फ्रॉक धरून तिला ओढलं. ड्रायव्हर खाली उतरला, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. गुजरातीत म्हणाला, "बेन, छोकरीने साचवो ने," म्हणजे पोरीला सांभाळा. मी तिला सांभाळलं ते असं, की त्या दिवसापासून दाराला कडी. अंगणवाडी आमच्यापासून अकरा घरं लांब. तिथेही पाठवलं नाही. हे सकाळी सातला पलसाण्याला डाइंगच्या मिलमध्ये कामाला जातात. दिवसभर मी आणि ती. मी साड्यांना डायमंडचे खडे चिकटवायची आणि ती दारापाशी बसून असायची. सहा महिने गेले. तिचं बोलणंही कमी झालं होतं. मला दिसत होतं, पण कडी काढायला हात उठत नव्हता.

त्या गेरूवर काका आमची भिंत काढायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, घरात कोण काय करतं? मी सांगितलं. मग काव्याला विचारलं, "तू काय करतेस गं?"

ती म्हणाली, "मी दार बघते."

काकांनी मान हलवली आणि पिठात पाणी घालत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची वेळ बदलली. सकाळी नऊला येऊन बसायचे ते पोरं अंगणवाडीत पोचेपर्यंत, आणि परत बाराला, पोरं सुटायच्या वेळी. त्यांचं स्टूल भिंतीला लागून नसायचं, चांगलं दोन हात पुढे, गल्लीच्या मधोमध. टेम्पोवाले हॉर्न मारायचे, घरी जा म्हणायचे.

"काका, घेर जाव ने."

"रंग ओला आहे भाऊ. हळू घे."

टेम्पो माणसाच्या चालीने जायचे. मी दाराच्या फटीतून बघायची. एक दिवस काव्याचा हात धरून ओट्यावर आले. मग तीन घरं. मग एकदा अकरा. हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, मम्मी, दुखतं.

एवढा कसलेला हात, पण एका घराला महिना लागायचा. मी विचारलं तर काका म्हणायचे, वय झालं, हात चालत नाही. सखूबाई मला म्हणाल्या, "तुला अजून कळलं नाही का गं? म्हातारा नऊला एक माणूस काढतो आणि बाराला तेच माणूस पुसतो." मी काकांना हे विचारलं नाही.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत बसायला मनाई केली. पहिल्या दिवशी नऊ वाजले आणि टेम्पो सुसाट गेले. मी काव्याला घरात ठेवून कडी लावली. ती दारापाशी जाऊन बसली, आधी बसायची तशीच.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरून स्टूल आणलं आणि सखूबाईंच्या अर्ध्या राहिलेल्या भिंतीसमोर मधोमध बसले. हॉर्न वाजत राहिले. पण उठले नाही. काव्या माझ्या पाठीमागून इतर पोरांबरोबर गेली. मी वळून बघितलं नाही, कारण वळले असते तर धावले असते.

नुसतं बसून कसं चालेल, म्हणून काडी घेऊन काढायला लागले. समोर जे दिसायचं ते काढलं. टेम्पो. सखूबाई बाहेर आल्या. "अगं, माझ्या भिंतीवर टेम्पो? आमच्या सात पिढ्यांत कुणी टेम्पो घेतलाय का?"

पंधरा दिवसांनी काका काळा चष्मा लावून आले. भिंतीजवळ जाऊन बघितलं. मला वाटलं, आता पुसायला लावतात. ते म्हणाले, "चांगला आलाय. पण आत कुणी नाही. हा चालवतो कोण?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मग विचार."

दुसऱ्या दिवशी तो निळा टेम्पो आला, तोच, काव्याच्या वेळचा. मी उठले नाही, हात वर केला. ड्रायव्हर थांबला, खाली वाकून भिंत बघितली आणि हसायला लागला. "बेन, आ तो मारो टेम्पो छे." मी त्याचं नाव विचारलं. मनसुखभाई. त्याच्या दोन मुली आहेत, अमरेलीकडे गावाला असतात, त्याला वर्षातून एकदा भेटतात. मी त्याला आत बसलेला काढला, मोठं पोट आणि कानाला फोन. तो म्हणाला, फोन काढू नका, फोटो पाठवला की मुली बघतील. मी फोन पुसला. आता तो गल्लीत शिरला की आपणच हळू होतो.

काव्या यंदा बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, गेली. शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. भीती अजून वाटते, जेवण करताना मध्येच वाटते. पण ती शाळेतून येते आणि एवढं बोलते की मला सांगावं लागतं, जरा थांब.

काकांच्या पंच्याहत्तरीला आमच्या घराकडून त्यांना साष्टांग नमस्कार. त्यांनी डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत, साखरेचा चहा सखूबाईंकडे लपून पिऊ नये. देवाने त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत ठेवावी. गल्लीत अजून नऊ घरं रंगवायची राहिली आहेत. ती झाली की पुढची गल्ली आहे, तीही आता मोठ्या रस्त्याला उघडणार म्हणतात. काकांनी ती सगळी काढावीत, एकही घाईने काढू नये, आणि आम्ही त्यांना कधी विचारू नये की इतकी वर्षं का लागतायत.