नवा माठ

पुलगाव स्टेशनावर माझी ट्रंक डब्यात चढवून बाबा खिडकीशी उभे राहिले. ते रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचे. जाणाऱ्या गाड्या पाहण्यात उभा जन्म गेला, पण त्या दिवशी पहिल्यांदाच आत त्यांचं कुणी होतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं. माय म्हणाली, "पोचल्यावर कागद टाकजो." बाबांनी एवढंच विचारलं, "तिथं आपल्या हातचं पानी पेतीन का रे लोकं?"

गाडी हलली. आपल्या नाचणगावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन वर्षं लागली.

मुंबईच्या एका कॉलेजात मी मँगनीजच्या ऑक्साइडांवर संशोधन करतो. खनिज आपल्या नागपूरकडचंच. पहिल्या दिवशी मी लॅबमधल्या माठाकडे वळलो तसा शिपाई धावला. "थांबा साहेब, मी देतो." आणि त्याने वरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. साहेब म्हणाला, पण भांडं दिलं नाही. बाकीचे आपापल्या हाताने लांब दांड्याचं ओगराळं बुडवून घेत होते. लहानपणी मी बाबांना पुढाऱ्यांची पत्रकं वाचून दाखवायचो. तेव्हापासून गोड शब्द दिसला की तो उलटा करून पाहायची सवय आहे.

पुढे डिस्टिल्ड वॉटरचं काम माझ्याकडे आलं. वाफ करून थंड केलेलं पाणी, ज्यात मिठाचा कणही उरत नाही. हा मान होता की मला कोपऱ्यात बसवणं, कोण जाणे. माझ्या हातचं पाणी त्यांच्या फ्लास्कात चालायचं. घशाखाली चालेल का, ते कुणी बोलत नव्हतं.

पहिल्या सुट्टीत माय माझी बोटं पाहून दचकली. "हात काये काऊन झाले? भांडे घासून घेतेत का तुयाकडून?" सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग, मी सांगितलं. त्याचा एक थेंब टाकला की पाण्यात लपलेलं मीठ दुधासारखं पांढरं होऊन वर येतं. बाबा डागांकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी विषय बदलला.

गेल्या एप्रिलात आमच्या मार्गदर्शक सरांनी महिनाभर जपलेलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण गढूळ झालं. सरांनी विचारलं, "पाणी कुणी भरलं होतं?" साधा प्रश्न असेल. पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या बाटलीतलं पाणी मी परीक्षानळीत घेतलं, थेंब टाकला. नितळ. मग अनंतरावांना, आमच्यातल्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्याला, विचारलं, "फ्लास्क शेवटी कशाने विसळलात?"

"माठातल्या पाण्याने," ते पुटपुटले. "घाई होती."

मी माठाशी गेलो, ओगराळं स्वतः बुडवलं, थोडं पाणी नळीत ओतून थेंब टाकला. दूध! ओगराळ्यात उरलेलं मी तिथंच प्यायलो. सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. मग ते म्हणाले, "तुझं पाणी शुद्ध आहे."

दुसऱ्या दिवशी त्या जागी नवा माठ होता. जुना पाझरत होता, शिपाई म्हणाला. असेलही. मी वाकून फरशी पाहिली, कोरडी होती. उन्हाळ्यात फरशी कोरडीच असते. खरं कारण मला अजूनही कळलेलं नाही. क्षारांच्या परीक्षा मला येतात, ही येत नाही.

मे महिन्यात घरी हे सारं सांगितलं. मला वाटलं, बाबा खचतील. ते म्हणाले, "नवा आनला?"

"हो."

"मंग त्यातूनई आपल्याच हातानं घेजो. किती माठ आनतेत, पाहू!"

"कुंभाराचं तरी भलं होईन," माय म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पूर्वी घर म्हणजे मला नाचणगावातली ती एक खोली वाटे, जिथं पाणी कुणी वरून ओतत नाही. आता घर म्हणजे ते हसणं. ते ट्रंकेबरोबर मुंबईला आलं. लॅबमध्ये पोचताच मी आधी माठाकडे गेलो. शिपाई लगबगीने उठला.

म्हटलं, "बसा. मीच घेतो."