प्रभाकररावांची लाल फुली

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणारे प्रभाकर भोळे काही इतिहासकार नव्हते. ते एकतीस वर्षं एका कागद गिरणीत कागद तपासायला होते. ताव उजेडात धरायचा, कानाशी फडफडवायचा, कोपरा जिभेच्या शेंड्याला लावायचा आणि नापास असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं फुली मारायची. फुलीचा एक पाय नेहमी आखूड. ती खोडायची मॅनेजरचीही छाती नव्हती आणि चांगल्या तावावर ती एकदाही चुकून पडली नव्हती. या गोष्टीचा प्रभाकररावांना भारी अभिमान. घरी लग्नाची पत्रिका आली तरी आधी कागद चाटत, मग कुणाचं लग्न ते बघत.

निवृत्तीनंतर त्यांचे मित्र देवरामशेठ, शाहपूरचे केळीचे व्यापारी, यांनी एकदा आपल्या घराण्याची बादशाही सनद त्यांच्यापुढे ठेवली. तीनशे वर्षांपूर्वी बादशहानं आमच्या पूर्वजाला जहागीर दिली असं हिच्यात फारसीत लिहिलंय, असं शेठ सांगत. फारसी दोघांनाही येत नव्हती. प्रभाकररावांनी सवयीनं कोपरा चाटला तर चहाची चव लागली. उजेडात धरला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचीच फुली होती, आखूड पायाची. गिरणीतून रद्दीत गेलेला ताव कुणीतरी चहात बुडवून, वर फारसी खरडून शेठच्या वडिलांच्या गळ्यात मारला होता.

प्रभाकररावांनी हे सगळं लिहून काढलं. त्यांची मुलगी मृणाल कॉलेजात इतिहास शिकवते. तिनं त्याचं इंग्रजी केलं, तळटिपा जोडल्या आणि लेख वडिलांच्या नावानं दिल्लीच्या एका इतिहासाच्या नियतकालिकाकडे धाडला. मित्राच्या पाठीमागं काही करणं बरं नव्हे, म्हणून प्रभाकररावांनी एक प्रत आधीच शेठना नेऊन दिली होती. शेठनी तिला हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं. सव्वीस पानं इंग्रजी वाचतो कोण? पहिल्या पानावर सनदेचा फोटो होता, तेवढ्यानं त्यांचं भागलं.

वर्षभरानं पत्र आलं: वर्षातल्या सर्वोत्तम शोधलेखाचं पारितोषिक प्रभाकर भोळे यांना. झालं, गावातल्या शनवारा भागातून मिरवणूक निघाली. झेंडूनं मढवलेल्या जीपमध्ये सनद बसली आणि मागून धूळ खात प्रभाकरराव पायी. पुढच्या फलकावर लिहिलं होतं, 'आमच्या सनदेला दिल्लीचा पुरस्कार'. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

मिरवणूक सत्काराच्या मांडवात पोचली. उत्तराच्या भाषणात सगळं सांगून टाकायचं, असं प्रभाकरराव ठरवून आले होते. पण समोर देवरामशेठ नवा फेटा बांधून लहान मुलासारखे हसत बसलेले. त्यांचं तोंड बघून 'खोटी' हा शब्द काही ओठांबाहेर पडेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हा कागद आपल्या गिरणीचा हाये. अन् ही लाल फुली मी सोता मारेल हाये." पुढचं लोकांनी समजून घ्यावं.

लोकांनी समजून घेतलं. देवरामशेठ डोळे पुसत उठले. "आयका! बादशाच्या टायमालेबी आपल्याच गिरणीचा कागद चाले! अन् आपल्या प्रभाकरभाऊनं पास करेल! अब और क्या चाहिए?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. गिरणी निघाली कधी आणि बादशहा मेला कधी, याची बेरीज-वजाबाकी करायला त्या मांडवात कुणालाच सवड नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून लालबागेत रांग लागली. ज्याच्या घरात म्हणून पिवळा कागद होता तो घेऊन आला. प्रभाकरराव चाटत, फडफडवत आणि नकली निघाला की फुली मारत. माणूस फुली बघून त्यांच्या पाया पडे आणि कागदाला काच लावायला बाजार गाठे. हे नापास आहे, असं ते प्रत्येकाला घसा फोडून सांगत. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"मग फुली मारूच नका ना," त्यांची बायको शारदा म्हणाली.

"नापास माल तसाच सोडू?" प्रभाकरराव उखडले. तिनं कपाळावर हात मारला.

एका सकाळी इंदुबाई आल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, साठी उलटलेल्या. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला एक कागद त्यांनी काढला. प्रभाकररावांनी तो कानाशी फडफडवला, मग उजेडात धरला. हातानं बनवलेला, खळ लावून घोटलेला, खराखुरा जुना कागद. त्यांचे डोळे भरून आले.

"इंदुबाई, हा असली हाये. तीनशे वर्साचा."

"मंग फुली मारा."

"असलीले फुली नसते, बाई."

इंदुबाईंचा चेहरा पडला. "म्हन्जे नापास. राहुल बोललाच व्हता, फुली भेटली तर काच लावू, नाई तं सकाळी बंबात."

"मले द्या. मी सांभाळतो."

"घरचा कागद परक्याच्या घरी कसा ठिवू, भाऊ?" त्या कागद पुन्हा गुंडाळायला लागल्या. समजावून झालं, हात जोडून झालं. मृणालनं इंग्रजी लेख उघडून दाखवला, त्यावर इंदुबाईंनी नमस्कार केला. राहुल त्यांचा मुलगा, आणि मुलाचा शब्द म्हणजे शब्द.

प्रभाकररावांनी खिशातून पेन्सिल काढली. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते करायचं होतं. त्यांनी कागद परत मागून घेतला, उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, तिळाएवढी फिकट फुली मारली आणि तोंड फिरवलं.

इंदुबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"दाबून मारा ना भाऊ," त्या म्हणाल्या. "देवरामशेठच्या सनदीवर कशी ठसठशीत हाये."

प्रभाकररावांनी दाबून मारली.