हरिहर सरांच्या कपाळावरची खोक

परशुराम पेंटर घाबरट माणूस, हे आधीच सांगितलेलं बरं. मानपाड्याच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण तैलचित्र काढावं तर त्यानेच. भिंतीवरचा माणूस आता हाक मारेल असं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी माजिवड्याला नाटककार हरिहर सरांच्या प्रयोगात तिथला पुढारी दौलत आणि त्याची माणसं घुसली. सरांनी नाटकात जमिनी लाटणाऱ्या पुढाऱ्याला पार नागडा केला होता, आणि तो कोण हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दौलतने स्वतःच्या हाताने सरांच्या कपाळात लोखंडी गज घातला, भुवयांच्या बरोबर मधोमध. पडदे रंगवायला आलेला परशुराम पडद्यामागे दडून बसलेला. हाड फुटलेलं त्याने ऐकलं, फटीतून सगळं बघितलं, आणि पोलिसांना म्हणाला, "मी काही बघितलं नाही." केस बारगळली. सर जगले, पण त्यानंतर एक ओळ लिहिली नाही.

यंदा सर गेले. वाचनालयासाठी त्यांच्या चित्राचं काम परशुरामने मागून घेतलं आणि तीन महिने त्यावर खपला. ती खोक तर त्याने जाड लाल रंगाने अशी उठवली की सरांच्या बायकोने, नंदाताईंनी, तोंडाला पदर लावला.

अनावरणाला पाहुणा कोण, तर दौलत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला! आदल्या संध्याकाळी त्याने वाचनालयात येऊन चित्र बघितलं आणि परशुरामला आत ठेवून दार लावून घेतलं.

"खोक बुजव."

परशुराम जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाला. मग लाथा बसल्या, दात पडला, डाव्या हाताची दोन बोटं दारात चिरडली.

"उजवा ठेवलाय. रंगव," दौलत म्हणाला.

रक्त गिळत परशुरामने वाळलेल्या खोकेवर कातडीचा रंग चढवला.

सकाळी वाचनालय गच्च भरलं. दर वेळी परशुराम बजावायचा, तैलरंग लवकर वाळत नाही, वर काच नाही, बोट लावू नका. आज तो मागच्या रांगेत गप्प बसला. दौलतने रिवाजाप्रमाणे अंगठा गंधात बुडवला आणि सरांच्या कपाळावर ओढला. वरचा ओला रंग अंगठ्याबरोबर निघाला. खालची लाल खोक सगळ्यांनी बघितली.

"हे कुठून आलं?" दौलत ओरडला.

परशुराम उठला.

"तुमच्या गजाने," तो म्हणाला. "मी पाहिलेलं, पडद्यामागून."