पहिलं पीठ गुरांचं

माझी बायको जाऊन दोन हिवाळे झाले. ती होती तोवर ही गोष्ट तीच सांगायची, तिच्या पद्धतीनं, मला हसत. आता सांगणारं कोणी न्हाई म्हणून मी लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेलो. जिथं चुकलं तिथं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत पिशव्या शिवायचं काम. वरून दोरीला शिलाईचं मशीन टांगलेलं असायचं, खालून पट्ट्यावर पिशवी यायची. तोंड धरायचं, शिवायचं, दोरा तोडायचा, पुढची. वीस वर्षं हेच. पिशवीत कपाशी आहे का मका, हे मी पाहतसुद्धा नव्हतो.

एका उन्हाळ्यात सेठनं नवीन मशीन आणलं. ते स्वतःच भरायचं, स्वतःच मोजायचं, स्वतःच तोंड बंद करायचं. सेठ मारवाडी, पण त्यांच्या आज्यापासून घर जालन्यातच. माणूस वाईट न्हाई. मला बोलावून म्हणाले, "तू जुना माणूस. तुला काढायचा सवालच न्हाई. गेटवर बस. खुर्ची हाये, वर्दी हाये, बिलकुल आराम. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, मशीन चालू करायचंय, त्याच्या आत हो की न्हाई सांग."

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणून नको. तू सांग."

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती तवा घासत होती. तिनं विचारलं, "मंग? तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हणालो, "काई बी."

हा माझा जुना शब्द. भाजी काय करू, काई बी. मुलगी कुठं द्यायची, काई बी, घर चांगलं पाहिजे. मला वाटायचं हा साधेपणा आहे, लोकही म्हणायचे, माणूस गरीब आहे बिचारा, कशाचा हट्ट न्हाई. त्या दिवशी जेवायला बसलो तर बायकोनं ताट समोर ठेवलं. मोकळं. पाण्याचा तांब्या भरलेला, ताटात काईच न्हाई.

"हे काय?"

"काई बी," ती म्हणाली. "खा पोटभर."

मुलगा तोंड दाबून हसत होता. मी उपाशी उठायला निघालो तर ती म्हणाली, "बसा. आजपासून जे मागाल तेच वाढीन. नाव घेऊन मागायचं. आखाजीपर्यंत."

मला राग आला. रागानंच म्हणालो, "बाजरीची भाकर कर."

ती म्हणाली, "एवढ्या उन्हाळ्यात? नाकाचा घोळणा फुटंल तुमचा."

पण तिनं केली. मी खाल्ली. रात्रभर अंगाची आग झाली, सकाळी खरंच नाकातून रक्त आलं. ती डोक्यावर पाणी थापत म्हणाली, "मागायचं पण शिकावं लागतं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी आमरस मागितला. तर म्हणे, आखाजीला वाडवडलांना घागर दिल्याशिवाय आपल्या घरात आंबा चिरतात का? दोन मागण्या, दोन्ही फसल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला धड जेवण मागता येत न्हाई, हे मला तेव्हा कळलं. कंपनीत पिशवी शिवता शिवता मी दिवसभर विचार करायचो, संध्याकाळी काय मागावं. लोकांना वाटलं नोकरीच्या काळजीत आहे.

तिसऱ्या दिवशी मी पिठलं-भाकर मागितली, ज्वारीची. हे बराबर जमलं असं वाटलं. पण पहिला घास घेतला अन् माझ्या तोंडून गेलं, "पीठ जळालंय."

"मी काय करू? गिरणीवालं तसंच देतंय."

"त्यानं दगड आवळून ठेवलेत. जल्दी दळून गिऱ्हाईक मोकळं करायचं असतं त्याला. दगडाला टाकी लावून खाचा पाडलेल्या न्हाईत कधीच्या, गुळगुळीत झालाय, मंग तो धान्य कापत न्हाई, नुसतं घासतो. घासलं की पीठ तापतं. तापलं की विरी जाते, चिकटपणा मरतो. विरी गेली की भाकर थापताना कडंनं चिरते. ही बघ."

मी भाकर उचलून दाखवली. मंग ज्वारी ओलसर असली तर दगड किती सैल ठेवायचा, गव्हामागं ज्वारी दळली तर पहिलं पसाभर बाजूला का काढायचं, डब्यात हात घालून पिठाची ऊब कशी पाहायची, हे सगळं सांगत बसलो. पिठलं गार झालं. थांबलो तेव्हा बायको पोळपाटावर हात ठेवून बसली होती.

"वीस वर्षं कंपनीत हायेत," ती म्हणाली. "एक दिवस तरी पिशवीबद्दल इतकं बोललात का?"

लग्न झालं त्या वर्षी मी भोकरदनला एका गिरणीवर कामाला होतो. चार वर्षं. ती दुपारी भाकर घेऊन यायची. माझ्या भुवया, पापण्या, कानाचे केस सगळे पांढरे. ती दारात उभी राहून म्हणायची, "म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं मला." बाजाराच्या दिवशी बायकांची रांग लागायची, प्रत्येकीचा डबा मला पाठ. कोणाला बारीक लागतं, कोणाला भरड, कोणाचा सासरा बिनदाताचा. मंग पोरं झाली, जालन्यात कायमची नोकरी मिळाली, गिरणी सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. दुःख झालं का? मी कोणाला बोललो न्हाई, स्वतःलाही न्हाई.

त्या पिठल्याच्या जेवणावरच तिनं गिरणीचा विषय काढला. तिचं माहेर धावड्याचं. तिच्या चुलत्याची गिरणी तिथं बंद पडून होती, चुलते थकलेले, त्यांची पोरं शहरात. बायका दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जात होत्या.

मी म्हणालो, "सासुरवाडीत जाऊन राहू? या वयात घरजावई म्हणतील लोकं."

"म्हणू द्या."

"तुला काय जातं म्हणायला."

"मला काई म्हणायचं न्हाई. पाहून तर या. मीबी येते."

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं भोकरदनला गेलो, तिथून जीपनं धावड्याला. चुलत्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. आत उंदरांच्या लेंड्या, जाळ्या, पट्टा वाळून तडकलेला. मी वरचं झाकण काढलं, दगड उघडला, हात फिरवला. तळहातासारखा सपाट. मला त्या दगडाची कीव आली. चुलत्यांकडून टाकी अन् हातोडी घेतली अन् बसलो. एक-एक खाच नव्यानं पाडायची, मधून कडंकडं, सगळ्या सारख्या खोल. वीस वर्षांनी हात चालंल का, ही भीती होती. हात चालला. बायको जुन्या साडीच्या बोळ्यानं भुगा पुसत होती. मधेच म्हणाली, "शिट्टी वाजवून राह्यले तुम्ही." मला पत्ताच न्हाई.

चार वाजता लाईट आली. गावातून एक पट्टा मिळाला होता तो चढवला. सासूबाईंनी पायलीभर ज्वारी दिली. गिरणी सुरू झाली, आधी खडखडली, मंग आवाज एका सुरात लागला. पीठ पडलं. हात घातला, गार. मी तो डबा स्वतः उचलून सासुरवाडीच्या घरात नेला अन् म्हणालो, "याच्याच भाकरी करा."

जेवायला माझे दोन मेव्हणे, चुलते, साळी, सासूबाई. जावई पहिल्या पंगतीला. मी घास तोडला, चावला, अन् दातांखाली कचकच वाजलं.

टाकी लावल्यावर दगडाचा भुगा खाचांत राहतो. पहिलं पीठ गुरांना घालायचं असतं. हे गिरणीवाल्याच्या पोराला पण ठाऊक असतं. घाईत मी विसरलो होतो.

मी वर पाहिलं. सगळे खाली मान घालून चावत होते. मेव्हणे हळूहळू, जबडा जपून. चुलते वरणात कुस्करून गिळत होते. जावयानं दळलेलं, जावयानं आणलेलं, त्याला नाव कसं ठेवणार? साळीनं तर वाढून घेतली अजून अर्धी. घरभर नुसती कचकच. माझी बायको चुलीकडं तोंड करून बसलेली, तिची पाठ हलत होती.

शेवटी सासूबाई बोलल्या. त्यांना खालचे दोनच दात होते. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "दगड लई चवदार हाये. फक्त थोडा मऊ दळा."

मंग कोणाला आवरलं न्हाई. मेव्हण्याला ठसका लागला. मीही हसलो, पण आतून मला मरणाची लाज वाटत होती. ताटावरून उठलो, उरलेलं पीठ गोठ्यात नेऊन म्हशीपुढं ओतलं, आंघोळीच्या दगडाजवळ बसून राहिलो.

तिथं बसल्या बसल्या मला एक गोष्ट दिसली. कंपनीत माझ्या हातून पिशव्या चुकल्या, तोंड वाकडं शिवलं गेलं, माल परत आला. सुपरवायझर बोलला, मी ऐकून घेतलं, जेवलो, झोपलो. मला कधी काई टोचलं न्हाई. अन् ही एका पायलीची चूक मला अशी टोचून राह्यली होती की कोणाला तोंड दाखवू नये वाटत होतं. ज्या कामातली चूक टोचते ते काम आपलं. बाकीचं नुसतं केलेलं. मला कोणी समजावलं असतं तर समजलं नसतं.

बायको तांब्या घेऊन आली. मी म्हणालो, "उद्या सकाळी परत दळतो. पहिलं गुरांना. दुसऱ्या पिठाची भाकर खाऊन मंग जालन्याला जाऊ."

ती म्हणाली, "माझी सुट्टी न्हाई संपत. तुमचं पाहा."

"मी कंपनीत न्हाई जात उद्या."

आखाजीच्या आदल्या दिवशी सेठकडं गेलो. ते म्हणाले, "काय ठरवलं भाई?"

"गेट नको. मला गिरणी चालवायची."

"गिरणीत काय हाये? धूळ."

"व्हय. धूळच पाहिजे."

ते म्हणाले, "वीस वर्षांत पहिल्यांदा तू कायतरी मागितलंस." चहा मागवला. आम्ही दोघं तो प्यालो.

लोकं घरजावई म्हणाली. वर्षभर म्हणाली, मंग दळण घेऊन आली. बायको दारात बसून डबे लावायची, कोणाचा आधी कोणाचा मागून यावरून बायकांची भांडणं मिटवायची. मी जितकी वर्षं पिशव्या शिवल्या, त्याहून जास्त वर्षं आम्ही दोघांनी गिरणी चालवली. ती वर्षं चांगली गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत न्हाई.

ती गेल्यावर मुलगा संभाजीनगरला चला म्हणून मागं लागला. म्हणाला, "दादा, एकटे कसे राहाल? तुम्हाला काय पाहिजे ते तिकडं मिळंल." मी म्हणालो, "मला इथंच राहायचंय. जमलं तर एक नवीन पट्टा घेऊन दे." त्यानं दिला.

परवा साळी दळण घेऊन आली. तीही आता म्हातारी. बोलता बोलता म्हणाली, "लग्नात आक्का रडली न्हाई. तुम्ही भोकरदन सोडून जालन्याला गेलात ना, तेव्हा रडली. माहेर लांब पडलं म्हणून."

मी म्हणालो, "मला कधी बोलली न्हाई."

"तुम्ही विचारलं होतं का, दाजी?"

न्हाई विचारलं. तिनं मला आठ दिवस नाव घेऊन मागायला लावलं, अन् मी तिला एक दिवस विचारलं न्हाई की तुला काय पाहिजे. ती मला धावड्याला माझ्यासाठी घेऊन आली का स्वतःसाठी, का दोघांसाठी, हे मला ठाऊक न्हाई. आता कळणार पण न्हाई.

साळीनं डबा पुढं केला. मी विचारलं, "कसं दळू?"

"नेहमीसारखं."

"तसं नको. सांग तुला कसं पाहिजे."

ती म्हणाली, "थोडं भरड. मला भरड आवडतं. घरातल्यांना बारीक लागतं म्हणून कधी घेत न्हाई."

मी दगड सैल केला.