झडपेवरचं कपाट

दोआन शिंप्याच्या माडीवर जायचं म्हणजे एक छोटा सोहळाच असे. आधी चपला काढायच्या, मग मागच्या चौकातल्या रांजणाच्या पाण्याने हात धुवायचे, आणि मग अंग चोरत जिना चढायचा. प्रत्येक पायरीवर भिंतीच्या कडेने काही ना काही मांडलेलं असे. कुठे रॉकेलचा पितळी दिवा, कुठे चुन्याचं जुनं मडकुलं, कुठे काटे थांबलेलं घड्याळ. मागून दोआनचा आवाज येई, "डावा पाय जपून. तिथे चिनीमातीचा बगळा आहे." वर पोचल्यावर तो पाहुण्याला दारातच थांबवी, स्वतः अंधारात पुढे होई आणि रस्त्याकडची खिडकी एकदम उघडी. उजेड आत शिरला की पाहुण्याच्या तोंडून नकळत एक श्वास निघे. त्या श्वासासाठी दोआन जगत होता. नाटकाचा पडदा वर गेल्यावर अंधारातून येणारा तो श्वास ज्याने एकदा ऐकला, त्याला बाकीचं जग थोडं अळणीच लागतं.

खोलीच्या मधोमध, उजेडाच्या ऐन झोतात, शिसवी कपाट उभं होतं. त्याच्या दारांवर शिंपल्याची नक्षी होती. बांबूचं बन, दोन हरणं, वर चंद्र. आत समुद्रातून कोळ्यांच्या जाळ्यात आलेले निळे-पांढरे वाडगे, अंगावर खाऱ्या पाण्याचे खवले अजून तसेच. भोवती भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, पेट्या, रांजण, ग्रामोफोन, पानाचे डबे. माणसाने उभं राहायचं ते दारातच.

आमच्या होई आन गावात दोआनच्या हातचा कोट न घातलेला नवरदेव एके काळी सापडला नसता. घरोघरी मापं घ्यायला जाई तेव्हा त्याची नजर गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून मागच्या फळीकडे वळे. पुढे गावातली जुनी घरं एकेक करून हॉटेलं झाली, आणि घरांच्या पोटातलं सगळं रस्त्यावर आलं. ते पाहून दोआनला राहवेना. सायकलवर बांधून तो ते घरी आणू लागला.

"आज कुणाची आजी आणलीत?" त्याची बायको थोआ दारातूनच विचारी. तोंडात पान, मांडीवर काजं करायला घेतलेला सदरा.

"अगं, हा दिवा बघ. याची काच अजून शाबूत आहे."

"माझीही आहे. मला कधी पुसता का इतकं?"

दोआन हसे आणि वर पळे. एकदा वर गेला की जेवायची शुद्ध नसे. मग थोआ बांबूच्या झाडूची काठी उचलून छताला ठोके. टक, टक. एका ठराविक जागी ठोके, कारण तिथे आवाज पोकळ येई आणि वर नेमका त्याच्यापर्यंत पोचे.

"आलो गं, आलो!"

"तुमचं आलो म्हणजे भात गार झाला, एवढंच कळतं."

ती पोकळ जागा म्हणजे झडप. नदीकाठच्या आमच्या सगळ्या घरांना माडीच्या जमिनीत अशी चौकोनी झडप असते आणि वर आढ्याला कप्पी. दहाव्या चंद्रमहिन्यात नदी घरात आली की तांदळाची कणगी, शिवणयंत्र, पलंग, जे काही असेल ते दोराने वर ओढून घ्यायचं. भाद्रपद-आश्विनात तुमच्याकडे जशी कोनाड्याकोनाड्यातली जळमटं काढतात, तशी इथल्या बायका पावसाआधी कप्पीला तेल घालतात. दोआनच्या घरी हे काम थोआचं.

शिसवी कपाटही त्या झडपेतूनच वर आलं होतं. जिन्यात मावत नव्हतं. थिन सुतार आणि गल्लीतली चार माणसं यांनी ते दोराने ओढून घेतलं, झडपेवर फळ्या टाकल्या, घाम पुसला. दोआनने खिडकीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथेच राहू दे. उजेड इथेच पडतो."

थोआ जिन्यात उभी होती. "अहो, ती झडप आहे."

"ठाऊक आहे."

"आणि पाणी आलं की?"

"तेतचा सण होऊ दे. नव्या वर्षात जागा करू आणि हलवू."

तेत झाला. पुन्हा झाला. मोकळी होती तेवढी जागाही भरत गेली. दरवर्षी पाणी यायचं ते घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. थोआ कणगी बाकावर चढवी, यंत्र टेबलावर ठेवी आणि खांबावर कोळशाने पाण्याची रेघ ओढी. "नदीला पण तुमच्या कपाटाची भीड पडलेली दिसते," ती म्हणे. कप्पीला तेल मात्र ती घालतच राहिली. कपाटाच्या डोक्यावरून हात लांबवून, टाचा उंच करून.

मग एका साली दहाव्या महिन्यातच थोआ गेली. आठवडाभर ताप, मग एका सकाळी चहा ओठाशी नेला आणि तो तसाच खाली आला. मुलगी तुयेत गल्लीच्या टोकालाच राहायची, ती धावत आली. मुलगा खांग सायगावहून निघाला. पंचांग पाहून भिक्षूंनी मातीचा दिवस परवाचा दिला. शवपेटी खालच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. पायथ्याशी भाताचा वाडगा, त्यावर उकडलेलं अंडं, उदबत्त्या. दोआनने डोक्याला सुतकाचा पांढरा पट्टा बांधला आणि बाकावर बसून राहिला.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या कर्ण्यावरून बाई सांगू लागली की डोंगरातून मोठं पाणी उतरतंय, सगळ्यांनी सामान वर घ्या. आगगाड्या वाटेतच थांबल्या. खांग कुठल्याशा स्टेशनात अडकला. नदी मागच्या दाराने आली, चौकातून फिरली आणि पाहुण्यासारखी पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. न्याहारीच्या वेळेला ती खांबावरच्या सगळ्या रेघा ओलांडून गेली होती.

थिन सुतार रस्त्यावरच्या छातीभर पाण्यातून खांद्यावर दोर घेऊन आला. मागे गल्लीतले गडी.

"काका, काकूंना वर घ्यायला हवं. चला, झडप उघडा."

तुयेतने बापाकडे पाहिलं. दोआनने हात वर केला, छताकडे बोट दाखवलं आणि हात तसाच राहिला.

थिनला आठवलं. ते कपाट त्यानेच तर ओढलं होतं. "अजून तिथेच आहे?"

"तेतनंतर हलवणार होतो," दोआन म्हणाला.

"होडीतून देवळात नेऊ," एकजण म्हणाला.

"रस्त्याला ओढ बघितलीस? पेटी समुद्रात जाईल," थिन म्हणाला. शेजारच्या माडीचा विषय कुणी काढलाच नाही. मेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या उंबऱ्याआत नेत नाहीत. आपल्या घरातून निघायचं ते मातीकडेच. आणि जिना? जिन्यातून कपाट आलं नव्हतं, तिथे पेटी कुठून जाणार.

सगळे वर धावले. खोली बघून गड्यांचे पाय दारातच अडले. कपाट सरकवायचं तर कुठे? डावीकडे रांजण, उजवीकडे फळ्या, मागे पेट्यांची उतरंड.

"काढा सगळं बाहेर," थिन म्हणाला.

"बाहेर म्हणजे?"

खिडकीखालून उत्तर आलं. साऊ होडीवाली, जी एरवी पर्यटकांना नदीवर फिरवते आणि त्यांच्या तोंडावर त्यांची थट्टा करते, ती होडी भिंतीला टेकवून उभी होती. "द्या माझ्याकडे! आज सवाऱ्या नाहीतच, तुमच्या म्हाताऱ्यांनाच फिरवते!"

हातोहात वस्तू जाऊ लागल्या. ग्रामोफोन गेला, घड्याळं गेली, पानाचे डबे गेले. साऊची होडी भरली तशी दुसरी आली, तिसरी आली. दोआन मधे उभा. कुणी वाडगा उचलला की त्याचे दोन्ही हात पुढे जात. "तो खालून धर, काठाने नको. अरे, त्याला तडा आहे—" कुणी ऐकत नव्हतं. त्याने स्वतः एक झाकणाचा वाडगा घेतला, तर झाकण हातातून सुटलं. फुटल्याचा आवाज आला आणि कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

"काका, तुम्ही बाजूला बसा," कुणीतरी म्हणालं. रागाने नाही. लहान मुलाला सांगावं तसं. बसायला जागा नव्हती, म्हणून तो पायरीवर बसला, चिनीमातीच्या बगळ्याशेजारी.

कपाट रिकामं झालं तरी हलेना. इतक्या वर्षांत त्याचे पाय झडपेच्या फळ्यांत रुतले होते, आणि दमट हवेने फळ्या फुगून पायांना चिकटल्या होत्या. गड्यांनी खांदे लावले. शिसव ते. जागचं हललं नाही.

थिन घाम पुसत जिन्याशी आला. कमरेला कुऱ्हाड होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "काका, तोडावं लागेल."

दोआनला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. थोआ खाली पाण्यात होती आणि हा इथे एका लाकडासाठी गप्प होता, हे त्याला स्वतःलाच दिसत होतं. पण जीभ हलत नव्हती. दारावरची हरणं चंद्राखाली उभी होती.

आणि खालून आवाज आला.

टक. टक.

पाणी घोड्यांच्या वर चढलं होतं. शवपेटी तरंगली होती आणि खांबावर आपटत होती. हे सगळ्यांना कळलं, दोआनलाही कळलं. तरी तोंडातून शब्द निघून गेला होता, वर्षानुवर्षं निघायचा तसा.

"आलो गं! आलो!"

तुयेतने तोंडावर पदर घ्यावा तसा डोक्यावरचा पांढरा पट्टा ओढून घेतला. थिनने मग विचारलं नाही. पहिला घाव हरणांवर पडला.

दोआन धडपडत जिना उतरला. पाण्यातून चालत पेटीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिला, आपटू नये म्हणून. वर कुऱ्हाड चालू होती. लाकडाचे तुकडे, शिंपल्याच्या कपच्या, फळ्या. मग एकदम छतातून उजेडाचा चौकोन पाण्यावर पडला. केवढ्या वर्षांनी तो खाली पोचला होता.

दोर खाली आला, दोन गड्यांनी उतरून तो पेटीला बांधला. तेल घातलेली कप्पी जराही कुरकुरली नाही.

"डोक्याची बाजू आधी!" थिन वरून ओरडला. "काका, पेटी सोडा, तुम्ही उदबत्त्यांचं भांडं धरा फक्त."

दोआनने राखेने भरलेलं भांडं छातीशी धरलं. डोक्यावरून पेटी हळूहळू वर गेली. तिच्या तळातून गळणारं पाणी त्याच्या पट्ट्यावर, तोंडावर पडलं. तो मान वर करून बघत राहिला, चौकोनात ती दिसेनाशी होईपर्यंत.

पाणी हटेपर्यंत थोआ माडीवर राहिली, कपाटाच्या जागी, उजेडाच्या झोतात. माणसं होड्यांतून येत, खिडकीतून आत चढत, उदबत्ती लावत. फळ्यांवर जे उरलं होतं त्याकडेही त्यांची नजर जाई. काहींनी ती माडी पहिल्यांदाच पाहिली. "केवढं जमवलंय," साऊ सहज म्हणाली आणि पेटीकडे वळली. दोआन पेटीशेजारी पाठमोरा बसून होता.

मग चिखल उपसला. खांग आला. भिक्षूंनी नवा दिवस दिला आणि थोआ मातीला गेली.

त्यानंतर मागच्या दाराशी, नदीकडून, होड्या परत येऊ लागल्या. कुणी घड्याळ आणलं, कुणी अर्धे वाडगे. ज्याच्या हाती जे आलं ते. काही वस्तू दोआनच्या नव्हत्याच. साऊने एक दिवा आणून ठेवला.

"हा माझा नाही," दोआन म्हणाला.

"तुमचा एक माझ्या हातून पाण्यात गेला. हा माझ्या सासूचा. ठेवा."

"अगं, मी काय करू आता याचं?"

"मला काय विचारता? काकूंना विचारायचं होतं," साऊ बोलून गेली, मग जीभ चावली आणि वल्हं उचललं.

दिवा तिथेच जिन्याच्या तळाशी राहिला. बाकी वस्तूही तिथेच, चिखलाच्या डागांसकट, जशा आल्या तशा. खांगने वर न्यायला घेतल्या तेव्हा दोआन फक्त मान हलवत राहिला. हो म्हणाला का नको, ते खांगला समजेना. शेवटी तो सायगावला परतला.

हल्ली दोआन माडीवर उघड्या झडपेच्या काठाशी बसतो, पाय खाली न सोडता, मांडी घालून. खिडकी उघडत नाही. तुयेत रोज दुपारी येते, भात टाकते, माशाला फोडणी देते आणि खालून हाक मारते.

"बाबा, जेवायला या."

दुसऱ्यांदा हाक मारते. मग ती कोपऱ्यातली झाडूची काठी उचलते आणि आईच्या सवयीने वर नेते. पण ठोकायला तिथे काही उरलेलं नाही. काठी हवेतून सरळ वर जाते आणि बापाच्या गुडघ्यापाशी निघते.

तो काठीचं टोक मुठीत धरतो.

"बाबा, सोडा. भात गार होतोय."

तो सोडत नाही.