धरणावरच्या फोटोवाल्याची बायको

धरण बघायला आलेला माणूस काय काय बघतो, हे फोटोवाल्याला पाठ होतं. आधी भिंत, मग दरवाजे, मग खालची बाग, बागेतलं कारंजं, होडीची एक फेरी, आणि परत निघताना नवराबायकोचं थोडं भांडण. या सगळ्यात मधेच कुठेतरी कठड्याजवळ हा त्यांना गाठायचाच. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात एकच वाक्य, "जरा हसा." सत्तावीस वर्षं दिवसाला पन्नासदा हेच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला जराहसाच म्हणायला लागले. होडीवाले, तिकीटवाले, बागेतला माळी, सगळेच. गंमत अशी, की गिऱ्हाइकाला हसवायला कितीही हातवारे केले, तरी हा स्वतः मात्र कामाच्या वेळी कधी हसला नाही. फोटो म्हणजे त्याच्या लेखी थट्टेचं काम नव्हतंच मुळी.

ही गोष्ट मोबाईलच्या आधीची. तेव्हा फोटो आज काढायचा आणि तो आठ-दहा दिवसांनी टपालाने घरी पोचायचा. त्यासाठी जराहसाकडे जाडजूड वह्या असत. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने पत्ता लिहायचा, पुढे हा रोलचा नंबर टाकायचा. सत्तावीस वर्षांत एकही फोटो चुकीच्या घरी गेला नाही. कामाला माणूस चोख होता, तिथे त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

त्याच्या बायकोची चहाची गाडी होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती गाडी कठड्यालाच लावायची, कारण गर्दी तिथेच. पण नेमकी तीच जागा फोटोची. मागे पाण्याचे एवढाले लोट कोसळताहेत, पुढे नवं जोडपं लाजत उभं आहे, आणि दोघांच्या मधून हिची किटली डोकावतेय! जराहसाचं डोकं फिरायचं. चारचौघांत खेकसायचा, "बाजूला हो गं, फ्रेममध्ये येतेस." ती बिचारी पटकन खाली वाकायची, नाहीतर पाठ फिरवायची. शेवटी एक दिवस कुणाला न विचारता तिने गाडी ढकलत नेली आणि त्याच्या पाठीमागे, झाडाखाली लावली. तिथे गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. याला मात्र बरंच वाटलं.

अशी पंचवीस वर्षं ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि एका आठवड्याच्या तापात गेली. अंगावर काढलं, दुसरं काय. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

भेटायला आलेली माणसं पांगली. दुसऱ्या गावी दिलेली मुलगी तेवढी दीड वर्षाच्या पोरीला घेऊन मागे राहिली. एका दुपारी ती सहज म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगलासा फोटो द्या. हिला दाखवायला."

जराहसा उठला, कपाट उघडलं आणि उघड्या कपाटापुढे तसाच उभा राहिला. कपाट फोटोंनी गच्च भरलेलं होतं आणि त्यात ती नव्हती. म्हणजे कुठेच नव्हती. लग्नाचे फोटो म्हणावेत, तर स्वतःच्या लग्नात त्याने कॅमेरा मित्राच्या हातात दिला होता, आणि त्या शहाण्याने रोल नीट चढवलाच नव्हता. दिवसभर खटाखट बटण दाबत हिंडला, हाती शून्य. पुढे काय झालं, तर दिवसभर कॅमेरा गळ्यात अडकवलेला हा माणूस घरी आला की आधी तो खुंटीला टांगायचा. ती कधीमधी म्हणायची, माझाही एक काढा ना. हा म्हणायचा, काढू गं, उजेड चांगला असू दे. पंचवीस-सत्तावीस वर्षांत एक दिवस चांगला उजेड पडला नाही, म्हणजे कमालच म्हणायची! मुलीचे ढीगभर काढले, पण मुलीला हसवायचं काम आईकडे, त्यामुळे तेव्हाही ती कॅमेऱ्यामागेच. ओळखपत्रावर तेवढा एक होता, सरकारी माणसाने काढलेला, डोळे मिटलेले. तो बघून तिनेच विचारलं होतं, ही कोण बया?

मुलगी चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मग त्याला ती पहिली दोन वर्षं आठवली. तेव्हा गाडी कठड्याला होती, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती असणारच. त्याने जुने डबे खाली काढले. चार दिवस खिडकीत बसून, एकेक पट्टी उजेडात धरून बघितली. अनोळखी माणसं रांगेने हसत होती आणि त्यांच्या बाजूला कुठे किटली, कुठे कोपर, कुठे पाठ, कुठे वाकलेलं डोकं. एका ठिकाणी ती समोरून सापडली, पण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. म्हणजे त्याआधी हा नक्कीच ओरडला असणार. ओरडल्याचं त्याला आठवत नव्हतं. बायको गेली त्या दिवशी दगडासारखा बसलेला माणूस, ती पट्टी हातात धरून हमसून हमसून रडला. इतका, की झोपलेली पोर दचकून उठली.

मुलगी कामाची. तिने वह्या काढल्या. तिचं म्हणणं असं, की धरणावर येणाऱ्या कितीतरी लोकांकडे स्वतःचे कॅमेरे असायचे. कुणाच्या तरी फोटोत आई आली असेल, आपण विचारून तर बघू. जराहसाने आधी साफ उडवून लावलं. लोक काय म्हणतील, एवढे जुने फोटो कोण सांभाळून ठेवतं, आणि चहावालीचा फोटो कोण कशाला काढेल? हे शेवटचं तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. संध्याकाळी मुलीशेजारी येऊन बसला आणि पाकिटांवर पत्ते लिहायला लागला. दोनशे पत्रं गेली.

उत्तरं थोडीच आली. बरीचशी पाकिटं 'घर सोडून गेले' असा शेरा घेऊन परतली. एकीने लिहिलं, की चहावाली आठवते, साखर विचारून घालायची, पण फोटो नाही. एका म्हाताऱ्याने दोन पानं भरून तक्रार केली, की तुम्ही पाठवलेल्या फोटोत माझे डोळे मिटलेले होते. एवढ्या दुःखातही जराहसा उसळला, म्हणाला, शक्यच नाही, पुरावा दाखव म्हणावं. मुलगी खूप दिवसांनी हसली. मग तिची निघायची वेळ झाली आणि ती सासरी गेली. रोज दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला हा दारात खुर्ची टाकून बसायचा. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा.

अडीच महिन्यांनी एक पाकीट आलं. कुण्या निवृत्त शिक्षिकेचं होतं. तिने लिहिलं होतं, की आम्हाला हसवण्यासाठी तुमची इतकी खटपट चालली होती, की आमच्या ह्यांनी गमतीने तुमचाच फोटो काढून ठेवला. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. यात मागे कुणी बाई दिसतेय, तीच असेल तर ठेवून घ्या, परत पाठवू नका.

जराहसाने तो फोटो बघितला नाही. पाकीट तसंच खिशात घातलं, पुढची बस पकडली आणि मुलीच्या घरी जाऊन तिच्या हातात दिलं. म्हणाला, आधी तू बघ.

फोटोत तो गुडघ्यात वाकला होता, एक हात हवेत, तोंड वेडंवाकडं. आणि मागे, झाडाखाली, गाडीवर हात टेकून ती उभी होती. पूर्ण चेहरा, त्यावर सकाळचं तिरपं ऊन. आणि ती हसत होती. साधंसुधं नव्हे, डोळे बारीक झालेले, दात दिसताहेत, एक हात पोटावर धरलेला, आणि नजर सरळ नवऱ्याच्या पाठीवर.

मुलीने फोटो त्याच्याकडे दिला. त्याने खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ ते तिच्या चेहऱ्यावर धरून ठेवलं. उजेड छान पडलाय, एवढंच आधी म्हणाला. मग त्याने विचारलं, "ही अशी हसायची?"

मुलीला वाटलं, बाबा काहीतरीच विचारताहेत. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"रोज हसायची बाबा," ती म्हणाली. "शाळा सुटली की मी गाडीपाशीच यायचे ना. तुम्ही कामाला लागलात की ती मला कोपराने ढोसायची, म्हणायची, बघ बघ, तुझे बाबा बघ. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्याने भिंग खाली ठेवलं. घरी, त्याच्यासमोर, ती अशी एकदाही हसली नव्हती.