गायरानाच्या कुंपणाला एक फाटक

तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून मी अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत झाले असले, तरी 'सादर' आणि 'सविनय' कोठे वापरावे हे मला कोणाला विचारावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी धावड्याकडची एक बाई आली. तिच्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्प झाला, भोवती तारेचे कुंपण पडले आणि तिच्या अकरा शेळ्यांचे चरणे बंद झाले. शेतवाल्यांना दिवसा वीज मिळणार होती. हिला शेतच नव्हते.

"गट नंबर?" मी विचारले.

"शेळ्याला कुठं गट नंबर असतोय का, भाऊ?"

तिचे बोलणे संपण्याआधीच दोन पाने भरली. शेवटी, जुन्या सवयीने, 'प्रकल्प तत्काळ बंद करावा, अन्यथा आमरण उपोषणास बसेन' असे लिहिले. अर्ज वाचून दाखवण्याची माझी पद्धत नव्हती. लोक उगाच दुरुस्त्या सुचवतात. तिने अंगठा दिला.

आठवड्याने तहसीलदार साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावले. प्रकल्पाचे इंजिनिअरही बसले होते.

"मावशी, उपोषणाला कधी बसताय?"

"मी कशाला बसू? उपाशी शेळ्या हायेत, साहेब."

"प्रकल्प बंद करा म्हणताय ना?"

ती माझ्याकडे वळली. "मी कवा म्हणलं? मी म्हणलं, फाटक ठिवा. आत गुडघाभर गवत वाळून राह्यलं."

मी चष्मा पुसू लागलो.

"शेळ्या पॅनेलवर चढतील," इंजिनिअर म्हणाले.

"चढतील. शेळ्याच हायेत त्या."

अखेर तडजोड झाली. कुंपणाला फाटक बसेल, शेळ्या बाहेर राहतील, गवत तिने कापून न्यावे. साहेबांनी मला तेथेच नवा अर्ज लिहायला लावला, आणि तिने तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

"ते 'कृपा करून' काढा, भाऊ. गायरान गावाचंच हाय."

मी काढले. परवानगी मिळाली.

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली, मान धरूनच बसली. "पह्यले शेळ्या गवताकडं जायच्या. आता मी डोक्यावर गवत घेऊन शेळ्याकडं जाऊन राह्यले. मेंढ्या काई पॅनेलवर चढत न्हाईत म्हणं. शेळ्या इकून मेंढ्या घेते, पण आत सोडतेत का, ते आधी इचारा."

मी कोरा कागद ओढला आणि या वेळी तिला शेवटपर्यंत बोलू दिले.